थोरली आई

शनिवार सकाळ. वॉशिंग मशीन लावलंय, रूममेट अजून झोपलाय आणि ऑफिसच्या ग्रुपवर चक्क कुणी काही बोलत नाहीये. म्हणजे लिहायला हरकत नाही. गेले दोन-तीन महिने इथे काही टाकलं नाही म्हणून दोघातिघांनी शिव्या घातल्या (एकूण वाचक किती, ते विचारू नका). कारण होतं. गावी जाऊन आलो, शेताचा एक व्यवहार झाला, आणि त्यावर लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी ठरवलं की सुरुवात रोमपासून करू. गाव मध्ये येईलच.

तेव्हा मी ऑनसाईटला फ्रँकफर्टला होतो. ईस्टरची सलग चार दिवस सुट्टी, एप्रिलची बरी हवा आणि बॅगेचे पैसे वेगळे घेणारी एक स्वस्त फ्लाईट. आम्ही तिघं. एक चेन्नईचा, एक पुण्याचा आणि मी बिलोलीचा. पुणेकराने सगळी ट्रिप एक्सेल शीटमध्ये बसवली होती. 'कलोसियम : ९.०० ते १०.१५', 'जिलेटो : १०.१५ ते १०.३०' असं. हा माणूस प्रोजेक्ट प्लॅन कधी वेळेत पाळत नाही, पण सुट्टीत एक मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नाही.

निघायच्या आदल्या रात्री काकाचा फोन आला होता. "शेताचं ठरलं बघ. गिऱ्हाईक चांगलं आहे. तुझी सही लागंल. अन् ते लिंबाखालचं तेवढं हलवून द्या म्हणतोय." मी पॅकिंग करत होतो. म्हटलं, "दगडच आहे ना काका, हलवू की." एवढं बोलून चार्जर शोधायला लागलो.

हे वाक्य लक्षात ठेवा.

रोमला कुणी देवळं बघायला जात नाही. माणसं ग्लॅडिएटरच्या रिंगणासाठी जातात, पिझ्झ्यासाठी जातात, फार तर व्हॅटिकनसाठी. पण कलोसियमच्या तिकिटात फोरम आणि शेजारची पॅलेटाईन टेकडी पण येते, आणि पैसे भरलेत म्हटल्यावर आपण सगळं बघणारच. तिथे शिरलो आणि देवळंच देवळं. त्यातही देव्यांची बरीच.

पहिलं लागलं ते वेस्टाचं. गोल देऊळ. आता त्यातले तीन खांब आणि भिंतीचा थोडा तुकडा उभा आहे, तोही १९३० च्या सुमारास सापडलेले तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला. वेस्टा म्हणजे चुलीची, घरातल्या अग्नीची देवी. आत मूर्ती नव्हतीच, नुसता अग्नी, आणि तो विझू द्यायचा नाही. त्यासाठी सहा बायका नेमलेल्या. सहा ते दहा वर्षांच्या मुली निवडायच्या आणि त्यांनी तीस वर्षं लग्न न करता अग्नी सांभाळायचा. विझला तर चाबकाचे फटके. मी म्हटलं, हा तर आपला प्रॉडक्शन सपोर्ट. चेन्नईवाला म्हणाला, आपल्याला फटके मेलवर मिळतात.

मग व्हीनस आणि रोमा यांचं जोडदेऊळ. हे रोममधलं सगळ्यात मोठं. चौथराच सुमारे १४५ मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. पाठीला पाठ लावून दोन गाभारे. व्हीनस कलोसियमकडे तोंड करून, रोमा फोरमकडे. हेड्रियन बादशहाने स्वतः आराखडा काढला आणि अपोलोडोरस नावाच्या नामांकित वास्तुविशारदाला बघायला पाठवला. त्याने रिव्ह्यू कमेंट टाकली, की देव्या बसल्यात तोवर ठीक आहे, उठायचं म्हणाल्या तर डोकं छताला आपटेल. बादशहाने त्याला मारून टाकलं, असं कॅसियस डिओ हा इतिहासकार सांगतो. खरं-खोटं तोच जाणे. पण क्लायंटचं डिझाईन क्लायंटने स्वतः केलेलं असेल तर 'छान आहे' एवढंच लिहून पाठवावं, ही अक्कल दुसऱ्या शतकापासून उपलब्ध आहे. देवळाच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची कौलं होती. सातव्या शतकात पोपने ती काढून सेंट पीटरच्या चर्चवर चढवली. आता अर्ध्या जागेत एक चर्च आहे आणि उरलेल्या भागात गवत.

इथवर मी टुरिस्टच होतो. फोटो, पाणी, फोटो.

पॅलेटाईनच्या वरच्या टोकाला मात्र एक असं ठिकाण आहे, जिथे एक्सेलमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं. शेजारी रोम्युलसच्या झोपड्या म्हणून दाखवतात ती खांबांची भोकं आहेत, पलीकडे ऑगस्टसचं घर, आणि मध्ये सदाहरित ओकची झाडं उगवलेला एक ओबडधोबड ढिगारा. दगड आणि चुन्याचा. ना खांब, ना कमान. पुणेकर बसून बुटातला खडा काढत होता म्हणून मी पाटी वाचली. माग्ना मातेर. थोरली आई.

मग तिथेच कठड्याला टेकून फोनवर वाचत बसलो, आणि पुढचा स्लॉट चुकला.

गोष्ट अशी. इसवी सनापूर्वी २०५. हॅनिबल इटलीत घुसून बसलाय, दहा-बारा वर्षं झाली तरी हटत नाही. त्यात आकाशातून दगडांचा पाऊस पडल्याच्या बातम्या. रोमन लोकांनी आपली सिबिलाईन पोथी उघडली. पोथीत निघालं, की परका शत्रू घालवायचा असेल तर आशियातून इडा पर्वतावरच्या आईला रोममध्ये आणा. मग शिष्टमंडळ गेलं आणि आजच्या तुर्कस्तानातल्या पेसिनस गावाहून देवी घेऊन आलं.

देवी म्हणजे काय होती? मूर्ती नव्हे. काळा दगड. फार मोठाही नाही, एका हातात धरता येईल एवढा, खडबडीत, कोपरे निघालेला. आकाशातून पडलेला असं मानत. पुढे रोममध्ये मूर्तीच्या चेहऱ्याच्या जागी तोच दगड बसवलेला होता.

मी माहूरची रेणुका कुळदैवत असलेल्या घरातला मुलगा. आमची रेणुकाही मूर्ती नाही, तांदळा आहे. शेंदूर लावलेला, डोळे आणि मुकुट घातलेला नुसता मुखवटा. लहानपणी नांदेडला गाडी बदलून माहूरला गेलो की मला प्रश्न पडायचा, बाकीची देवी कुठे आहे? आजी म्हणायची, "बाकीचं तुला कशाला? तोंड हाय ना बघायला."

जहाज इ.स.पू. २०४ मध्ये टायबरच्या मुखाशी आलं. तिथे ते गाळात रुतलं, आणि क्लॉडिया क्विंटा नावाच्या बाईने, जिच्या चारित्र्याबद्दल गावात कुजबुज होती, कमरेच्या पट्ट्याने ते ओढून काढलं, अशी दंतकथा आहे. त्यापुढचं मात्र लिव्हीने इतिहासात नोंदवून ठेवलंय. गावातल्या बायकांनी तो दगड हातोहात दिला. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, असं करत थेट रोमपर्यंत. वाटेतल्या घरांच्या दारात धूप लावलेला होता. देऊळ बांधून व्हायला इ.स.पू. १९१ उजाडलं. तोवर देवी शेजारच्या विजयादेवीकडे पाहुणी.

हॅनिबल इटलीतून गेला हे सांगायला नकोच. देवीने घालवला की स्किपिओने, यावर आमच्या तिघांत थोडी चर्चा झाली.

ही आई आली ती एकटी आली नाही. तिचे पुजारी बरोबर आले. गॅली म्हणत त्यांना. स्वतःला खच्ची करून घेतलेले, केस वाढवलेले, बायकी रंगीत कपडे घातलेले. ढोल आणि झांजा वाजवत, गळ्यात देवीची प्रतिमा अडकवून ते रस्त्याने भिक्षा मागत फिरायचे, चाबकाने स्वतःला फटके मारायचे. रोमन लोकांना देवी हवी होती, हे लोक नको होते. मग कायदा केला, की रोमन नागरिकाने यांच्यात सामील व्हायचं नाही आणि यांनी भिक्षा मागायची ती ठरलेल्या दिवसांतच.

हे वाचताना मला बिलोलीच्या बाजाराचा दिवस दिसत होता. पोतराज. कमरेला चिंध्यांचा घागरा, वाढलेले केस, हातात आसूड, आणि सोबतच्या बाईच्या डोक्यावर देवीचा पेटारा. फटक्याचा आवाज आला की आम्ही पोरं आईच्या मागे. पोतराज आमच्याकडे, जोगते-जोगतिणी खाली सौंदत्तीकडे, आणि ती रेणुकाच. मी काही याचा त्याच्याशी धागा जोडत नाहीये. दोन हजार वर्षं आणि मध्ये अख्खा समुद्र आहे, आणि असले धागे जोडणाऱ्यांचे फॉरवर्ड मी न वाचता डिलीट करतो. पण रोमच्या टेकडीवर उभं राहून आपल्या गावचा बाजार आठवणं, हे झालं खरं.

अजून एक. या आईला नैवेद्य काय, तर मोरेतुम. औषधी पाला खलात कुटायचा आणि पांढऱ्या चीजमध्ये मिसळायचा. ओव्हिड कवीने त्याचं कारण दिलंय, की जुनी माणसं असंच खायची, मग जुन्या देवीला जुनं जेवण. माहूरला प्रसाद काय मिळतो? कुटलेला तांबूल. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप खलबत्त्यात कुटून केलेला लालभडक गोळा. माझ्या दृष्टीने माहूरच्या यात्रेतला तो सर्वोत्तम भाग होता, देवीची क्षमा मागून.

शेवट कसा झाला तेही वाचलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओडोसियस बादशहाने जुनी पूजा कायद्याने बंद केली. त्याची पुतणी सेरेना बंद पडलेल्या या देवळात शिरली, देवीच्या गळ्यातला दागिना काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. तिथे एक म्हातारी होती, वेस्टाच्या अग्निसेविकांपैकी मागे उरलेली. ती सेरेनाला तोंडावर बोलली. सेरेनाने तिला नोकरांकरवी हाकलून दिलं. जाताजाता म्हातारीने शाप दिला. पुढे ४०८ मध्ये गॉथ लोकांचा वेढा पडला असताना रोमच्या सिनेटने सेरेनाला गळा आवळून मारलं, आणि झोसिमस लिहितो की दागिना घातला त्याच गळ्याला फास बसला. झोसिमस जुन्या धर्माचा, म्हणजे गोष्ट सांगताना त्याची बाजू कोणती ते उघड आहे.

देवळाचं पुढे काय झालं ते समोर दिसतच होतं. इथे सिंहासनावर बसलेल्या आईची संगमरवरी मूर्ती सापडली, शीर नसलेली. काळा दगड गेला कुठे, त्याचा पत्ता नाही.

रात्री हॉटेलवरून आजीला फोन केला. भारतात उशीर झाला होता, पण ती जागीच असते.

"काय बघितलास तिकडं?"

"देवीचं देऊळ बघितलो, आजी. पडलेलं."

मग सगळं सांगितलं. जहाज, दगड, बायकांनी हातोहात नेलेला, खलात कुटलेला प्रसाद, दागिना, म्हातारी. आजी मध्ये मध्ये "हां" म्हणत होती. ती गोष्ट ऐकताना तुमच्या पुढे जात नाही, ही तिची खासियत. मी संपवल्यावर म्हणाली, "मग तिला नेलं कुठं?"

"कुणाला?"

"दगडाला रे. देऊळ पडू दे. देवळं पडतेतच. आपल्या होट्टलची न्हाई पडली? पण तिला कुणीतरी उचललं असंल की. घरी नेलं असंल. कुणाच्या तरी न्हाणीजवळ असंल बघ."

मी हसलो. ती नाही हसली. थोडं थांबून म्हणाली, "काका म्हणत होता, तू म्हणलास की नुसता दगड हाय म्हणून."

आता ते लिंबाखालचं काय आहे ते सांगतो. आमचं शेत गावाला लागून. कोपऱ्यात लिंबाचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला एक दगड. साधारण उभा नारळ ठेवला तर दिसेल तेवढा. आम्ही मरीआई म्हणतो, गल्लीतली तेलुगू घरं पोचम्मा म्हणतात. बिलोली अशी हद्दीवरची, की देवीलासुद्धा दोन नावं. माझ्या पणजीने पटकीच्या साथीत त्याला पहिला शेंदूर लावला, असं घरात सांगतात. तिची दोन लेकरं साथीत गेली, तिसरं वाचलं. ते तिसरं म्हणजे माझे आजोबा. म्हणजे बघा, हॅनिबलच्या काळात रोमनांनी केलं तेच. संकट घरात शिरल्यावर पोथी उघडायची, किंवा बांधावरचा दगड उचलायचा. आजी दर मंगळवारी तिथे जायची. गुडघे गेल्यापासून अमावास्येला.

आणि मी इंजिनिअर. मला साथ कॉलऱ्याच्या जंतूने येते आणि सलाईनने जाते हे माहीत आहे. शेत विकायचं तर माझ्या वाट्याच्या पैशांतून वाघोलीच्या टू बीएचकेचं डाऊन पेमेंट होणार होतं. हेही लिहितो, नाहीतर माझं रोममधलं चिंतन फार उदात्त वाटेल :)

दुसऱ्या दिवशी एक्सेलप्रमाणे नेपल्स. तिथल्या संग्रहालयात पॉम्पेईत सापडलेली एक हस्तिदंती बाई आहे, २४ सेंटिमीटरची. ज्वालामुखी फुटला इ.स. ७९ मध्ये, ही राखेतून निघाली १९३८ मध्ये. भारतातून गेलेली. आधी लक्ष्मी म्हणाले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यात वरून भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा छोट्या टेबलाचा पाय असावा. तिच्यासारख्या हस्तिदंती बायका सापडल्यात कुठे, तर आपल्या मराठवाड्यात, तेरला आणि भोकरदनला. तेर म्हणजे तगर, ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये नाव असलेली बाजारपेठ. मी काचेसमोर उभा राहिलो आणि उगाचच परगावी आपल्या तालुक्याची एसटी दिसावी तसं झालं. फोटो काढून काकाच्या फोनवर आजीला पाठवला. काकाने आजीचा निरोप टाईप करून पाठवला : "आजी म्हणते दागिने लई आहेत पण लुगडं कुठाय."

इथपर्यंत गंमत होती. सहीची तारीख मात्र दिवाळीनंतरची ठरली, आणि तोवर मी पुण्यात परत आलो होतो.

मधल्या महिन्यांत मी काकाला दोनदा फोन केला. म्हटलं, कोपरा सोडून व्यवहार होईल का? दोन गुंठे. काका म्हणाला, विचारलं. गिऱ्हाईक एन.ए. करून प्लॉट पाडणार, रस्ता तिथूनच घ्यावा लागतो. हवं तर तो माणूस दुसरीकडे छान देऊळ बांधून देतो म्हणतोय, टाईल्स लावून, वर स्टीलचं रेलिंग. वाईट माणूस नव्हता तो. आणि काकाच्या डोक्यावर कर्ज होतं, माझ्या नव्हतं. मी तिसरा फोन केला नाही. रोमच्या देवळातून दागिना काढणारी बाई मला फार दुष्ट वाटली होती. नीट विचार केला तर तिलाही वाटलं असेल, देऊळ बंदच आहे, कोण येतंय आता.

दिवाळीनंतर पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, सकाळी नांदेड, तिथून एसटीने बिलोली. दहाच्या सुमारास घरी पोचलो. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर बसलेली. रजिस्ट्रीला तिलाही यायचं होतं, सातबारावर तिचं, काकाचं, आईचं आणि (बाबा गेल्यापासून) माझं अशी चार नावं. पायात चपला घालून तयार. काका वैतागलेला.

"हिनं काल काय केलं माहीत आहे का? मी टेम्पो आणला. गादी टाकली, वर नवी चादर टाकली. तर म्हणती, गाडीत सामान नेतेत."

आदल्या दिवशी पहाटे आजीने गल्लीतल्या बायका गोळा केल्या होत्या. मराठी घरांतल्या, तेलुगू घरांतल्या. लिंबाखाली हळद-पाणी ओतलं, दगड काढला, आणि शेतापासून घरापर्यंत दीडेक किलोमीटर हातोहात आणला. खाली टेकवायचा नाही. एक दमली की दुसरीने पदर पसरून घ्यायचा. आजीला चालवत नाही, ती टेम्पोत बसून मागून. म्हणजे टेम्पो वाया गेला नाही. वाटेत दोन दारांत उदबत्त्या लावलेल्या होत्या, काकी सांगत होती.

"जुनी पद्धत असंल काहीतरी," काका म्हणाला. "आपल्याला काय माहीत."

मी आजीकडे बघितलं. ती पिशवीत आधार कार्ड आहे का ते बघत होती.

परसात तुळशीच्या बाजूला दगड ठेवलेला. अजून बसवलेला नव्हता, नुसता वीट लावून उभा. इतकी वर्षं मी त्याची फक्त पुढची बाजू पाहिली होती, शेंदराचा जाड थर आणि चांदीचे दोन डोळे. मागची बाजू मातीत असायची. आता ती उघडी होती, धुतलेली. काळा बसाल्ट, आणि त्यावर कोरलेली पाकळ्यांची ओळ. पाच पाकळ्या पूर्ण, सहावी तुटलेली. खाली मण्यांची बारीक पट्टी.

होट्टल आमच्यापासून लांब नाही, देगलूरला लागून. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं, अकराव्या शतकातली. शाळेची सहल नेली होती तेव्हा कोरीव दगड गवतात पडलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यावर बसून डबे खाल्ले. आता सिद्धेश्वराचं देऊळ नीट उभं केलंय, महोत्सवही झालेत. हा तुकडा तिथला म्हणत नाही मी. मराठवाड्यात पडलेली देवळं पुष्कळ, आणि त्यांचे दगड बांधात, पायरीत, विहिरीत सगळीकडे. पण हा कुठल्यातरी देवळाचा होता एवढं नक्की. कुठलंतरी देऊळ पडलं, त्याचा तुकडा नांगराला लागला असेल, बांधावर टाकला असेल, आणि मग पणजीने एका वाईट वर्षी तो उचलून उभा केला. कोरीव बाजू मागे, सपाट बाजू पुढे, शेंदूर नीट बसावा म्हणून.

मी मोबाईल काढून मागून फोटो घ्यायला लागलो. वाकून, झूम करून, पाकळ्या मोजत. मागून आजीचा आवाज आला.

"तिचं तोंड हिकडं हाय. मागं काय बघायलास?"

रजिस्ट्रीत दोन तास गेले. सर्व्हर डाऊन होता (मी कुणालाही काही बोललो नाही, व्यवसायबंधूंबद्दल सहानुभूती). मग फोटो, अंगठे, सह्या. आजीचा अंगठा मशीनवर उमटेना. शेतात खपलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. चौथ्या वेळी घेतला. बाहेर आल्यावर तिने उसाचा रस मागितला आणि पूर्ण ग्लास प्यायली.

संध्याकाळी मी एकटाच शेतात जाऊन आलो. लिंब अजून तोडलेला नव्हता. खाली वीतभर खोल खड्डा, कडेने शेंदराने लाल झालेली माती. खड्ड्यात कुणीतरी ताजं हळद-कुंकू टाकलं होतं आणि दोन लिंबं ठेवली होती. आजी तर दिवसभर आमच्याबरोबर होती. मी जरा वेळ थांबलो, कोण येतंय का बघायला. कुणी आलं नाही. लेआउटच्या नकाशावर ती जागा नऊ मीटरच्या रस्त्यात येते.

फ्लॅटचं डाऊन पेमेंट झालं. ताबा पुढच्या वर्षी, म्हणजे बिल्डरच्या भाषेत त्याच्या पुढच्या वर्षी.

आजीला दर रविवारी फोन असतो. परसातल्या मरीआईला पत्र्याचं छप्पर केलंय, टाईल्स तिने नको म्हटल्या. मंगळवारी आता तिला लांब जावं लागत नाही, उलट गल्लीतल्या बायका घरी येतात आणि चहाची पावडर लवकर संपते अशी काकीची तक्रार. मागच्या रविवारी सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता आजी म्हणाली, "ती तुझी सापडली का रे?"

"कोण?"

"रोमची."

"न्हाई आजी. दीड हजार वर्षं झाली तिला जाऊन."

"मग बघ की जरा. दिवसभर त्या कंप्युटरवर काय करायलास?"